डिझाइन सोडून शेतीकडे: आधी माणसं, जमीन शेवटी

डिझाइनच्या कामात दहा-पंधरा वर्षं गेलेली माणसं मला शेतीबद्दल विचारतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "जमीन कुठे घेऊ आणि एकरी काय भाव चाललाय?" मी पुण्यात पॅकेजिंगचं काम करायचे. आता भोर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, गावातल्या बायकांच्या गटाबरोबर भात, नाचणी आणि पावटा करते. माझं उत्तर दर वेळी एकच असतं: जमीन सगळ्यात शेवटी घ्या. आधी गाव निवडा, त्या गावात कुणाच्या तरी बांधावर रोज उभं राहायची सवय लावून घ्या, कामाच्या दिवसांत तिथल्या चिखलात उतरा. आल्या आल्या जमीन घेतली की लगेच कुंपण पडतं, आणि कुंपण पडलं की गाव तुम्हाला फार्महाउसवाले म्हणून ओळखायला लागतं. ती ओळख पुसायला फार काळ जातो.

मी जे लिहिते आहे ते पावसाच्या, भाताच्या मुलखाबद्दल आहे. तुम्ही सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात जाणार असाल तर पिकं बदलतील आणि पाण्याचा हिशेब पार वेगळा होईल. माणसांबद्दलचं मात्र बरंचसं तसंच लागू पडेल.

नोकरी कधी सोडायची

लगेच नको. शेतीचं वर्ष मृगाला सुरू होतं असं आपण धरून चालतो, पण नवख्याने जानेवारीतच गावात यायला लागावं. तेव्हा कामाची घाई नसते, लोकांना बोलायला वेळ असतो, आणि विहिरी कशा उतरत जातात ते महिन्यामहिन्याला दिसतं. मे महिन्यात ज्या विहिरीत बादली बुडते, तिच्यावर विश्वास ठेवावा.

डिझाइनचं काम पूर्ण बंद करायचीही गरज नाही. त्याचे महिने शेतीने ठरवले पाहिजेत, एवढंच. जून-जुलै लावणीचे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर कापणी-झोडणीचे. या चार महिन्यांत एकही काम घेऊ नका आणि ग्राहकांना ते वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. डिसेंबर ते मे भरपूर काम करा. मी अजूनही उन्हाळ्यात दोन-तीन कामं घेते आणि त्या पैशांनी माझं शेत सुटसुटीत चालतं.

पैशांचं गणित भावनेवर सोडू नका. एकरभर इंद्रायणी भातातून बऱ्या वर्षी पंधरा-वीस क्विंटल साळ, म्हणजे टरफलासकटचा भात, होते. गिरणीत एका क्विंटल साळीचा साठ-पासष्ट किलो तांदूळ हाती येतो. म्हणजे एकरी नऊ ते तेरा क्विंटल तांदूळ. रासायनिक खत बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन हंगामांत यातही घट येते. त्याला तुमच्या भागातल्या दराने गुणा, त्यातून चिखलणी, मजुरी, भरडाई, वाहतूक वजा करा, आणि जो आकडा उरेल तो घरच्या वार्षिक खर्चाशेजारी लिहा. हे दोन आकडे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावेत. दोन वर्षांचा घरखर्च बाजूला असेल तरच पुढचं पाऊल टाका.

विकत न घेता जमीन कशी मिळते

शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन थेट विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आईवडिलांच्या नावे राज्यात कुठेही शेती असेल तर तिचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा, काढून ठेवा, शेतकरी असल्याचा तुमचा पुरावा तिथूनच उभा राहतो.

पण पहिल्या हंगामांसाठी याची काही गरज नाही. गावात पडीक खाचरं, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं, असतातच. मुलं पुण्या-मुंबईला, म्हातारा-म्हातारी घरी, वरची दोन खाचरं गवताला सोडलेली. ती तुम्हाला खंडाने मिळतात, म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम देऊन, किंवा वाट्याने, म्हणजे पिकाचा हिस्सा देऊन. नवख्याने वाट्याने घ्यावी असं माझं ठाम मत आहे. खंडाचे पैसे हातात पडले की मालकाचं काम संपतं. वाटा असला की मालक आबा स्वतः बांधावर येतात, पाणी कुठून फुटतंय ते दाखवतात, "उद्या नको, परवा लाव" असं सांगतात. त्या हिश्श्यात तुमची शाळेची फी आली.

मालकाच्या मनात एक भीती असते ती समजून घ्या. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसेल त्याची जमीन झाली, आणि त्या काळात जमिनी गेलेल्या घरांत आजही "कूळ लागेल", म्हणजे कसणाराच जमिनीवर हक्क सांगेल, हा धसका आहे. म्हणून एका हंगामाचाच करार करा, साध्या मराठीत लिहा, दोन गावकऱ्यांच्या सह्या घ्या. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या सरकारी पीकनोंदीत, पीक मालकाकडूनच लागणार हे आधीच मान्य करा. पण मग अतिवृष्टीची किंवा रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई मालकाच्या खात्यावर जाईल. ती कशी वाटायची ते त्याच कागदावर लिहून घ्या. पीक आडवं झाल्यावर हा विषय काढणं दोन्ही घरांना जड जातं.

सुरुवात दहा गुंठ्यांनी करा. चाळीस गुंठ्यांचा एकर. त्याचा चौथा भाग म्हणजे एका माणसाला खुरपण करताना पुरून उरेल इतकी जागा आहे.

सावडीत शिरणं

शहरातून येणारे बरेचजण समुदाय उभारायची योजना बॅगेत घेऊन येतात. समुदाय तिथे आधीपासून आहे. आमच्याकडे लावणी सावडीने चालते: आज पाच घरची माणसं एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. एकच बैल असलेली दोन घरं पैऱ्याने जोडी करतात. पॉवर टिलर आला, बैल कमी झाले, तरी कुणी कुणाकडे किती दिवस गेलं याचा हिशेब प्रत्येकीच्या तोंडपाठ असतो. तुम्हाला त्या हिशेबात यायचं आहे.

त्याची पद्धत साधी आहे. पहिल्या पावसाळ्यात कुणालाही आपल्या खाचरात बोलवायच्या आधी तुम्ही चार घरच्या लावणीला जा. डबा आपला न्या, चहा त्यांच्याबरोबर घ्या. रोपं कशी लावायची ते पुस्तकातून येत नाही. माझ्या शेजारच्या मावशींनी मला शिकवलं ते असं: "ताई, मूठ सैल धर. रोप खुपसू नको, नुसतं ठेव, चिखल त्याला धरतो." अंगठ्याने खोल दाबलेलं रोप फुटवे कमी देतं, हे मला नंतर कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेतही वाचायला मिळालं.

जिथे मजुरी द्यायची तिथे ती त्याच दिवशी, संध्याकाळी, हातात द्या. गावचा चालू दर मोडू नका. एकट्याने जास्त दर दिलात तर लहान शेतकऱ्याची लावणी अडते आणि त्याचा राग रास्त असतो. पण बायकांना पुरुषांपेक्षा कमी हजेरी देण्याची रीत तुमच्या खाचरात चालवू नका. आधी गटातल्या बायकांशी बोला आणि सगळ्यांनी मिळून ठरवा. आमच्याकडे लावणी, बेणणी (तण काढणं), कापणी, पाखडणी बायकाच करतात, आणि सातबाऱ्यावर मात्र त्यांचं नाव क्वचित दिसतं. १९९२ पासून राज्यात लक्ष्मीमुक्तीची तरतूद आहे, नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव जमिनीला लावता येतं. तलाठ्याकडे अर्ज कसा करायचा हे एखादीला समजावून द्यायला तुमचा अर्धा दिवस लागेल. तो जरूर द्या.

तुमच्या हातातली कला

पहिल्या वर्षी गावासाठी नाव, चिन्ह, पाकीट असलं काही बनवू नका. पीक नाही, गट नाही आणि ब्रँड तयार, अशी गाठोडी मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहेत. त्याऐवजी नकाशा काढा. जोराचा पाऊस असताना, साधारण आर्द्रा नक्षत्रात, छत्री आणि वही घेऊन शेत फिरा. पाणी कुठून आत येतं, कुठल्या तालीवरून, म्हणजे मोठ्या बांधावरून, पडतं, कुठे तुंबतं, खेकड्यांनी बांधाला भोकं कुठे पाडली आहेत, हे सगळं कागदावर घ्या. मग तो कागद गावातल्या सगळ्यात जुन्या माणसापुढे ठेवा. तो चुका दाखवेल, आणि प्रत्येक चुकीबरोबर एक जुनी गोष्ट सांगेल: इथे पूर्वी झरा होता, ही ताल अमक्याच्या आजोबांनी घातली. तेवढ्यासाठी नकाशा काढायचा. चित्र काढता येणाऱ्या माणसाला लोक पटकन बोलतात हे मी पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे.

उतारावर नाचणी किंवा वरई घ्यायची असेल तर समपातळी रेषा आखाव्या लागतात. त्याला महागडं यंत्र नको. सहा फुटांचे दोन बांबू वरच्या टोकाला बांधा, मध्ये आडवी काठी बांधा, टोकापासून दोरीला दगड लटकवा. जमिनीवर उभं करून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. मग दोन्ही पायांच्या जागा बदला, पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे सपाटी. आता एक पाय स्थिर ठेवून दुसरा सरकवत जा. दोरी मध्यावर आली की तिथे खुंटी. खुंट्या जोडल्या की रेषा मिळते, तिच्यावर गवताचा किंवा दगडाचा बांध घाला. ही फ्रेम गावात एका दुपारी बनते आणि शाळेतली पोरंही आनंदाने चालवतात.

माहितीची मांडणी हे आपलं खरं कसब, आणि गटाला त्याची फार गरज असते. आमच्या समाजमंदिरात एक मोठा तक्ता आहे: कुणाच्या खाचरात कोणतं वाण, लावणीची तारीख, कोणाची साळ किती पोती, गिरणीला कधी जायचं. अक्षर मोठं, रंग दोनच, न वाचता येणाऱ्या आजीलाही आपली ओळ सापडावी म्हणून प्रत्येक घराला एक खूण दिलेली. वजन, दर आणि वाटप सगळ्यांना भिंतीवर दिसत असलं की पैशावरून कुरबुर होत नाही.

एक सवय मात्र मोडावी लागते. संगणकावर एका दिवसात दहा पर्याय करून पाहता येतात, भातात वर्षातून एकदाच. म्हणून एका हंगामात एकच गोष्ट बदला आणि ती एकाच खाचरात. शेजारचं खाचर गावच्या रीतीनेच ठेवा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून हेच रुजवलं, शेतकऱ्याने आपल्या लहानशा तुकड्यात स्वतः प्रयोग करायचा आणि नोंदी एकमेकांना द्यायच्या.

माती आणि भात

एप्रिल-मेमध्ये मातीचा नमुना घ्या. खाचरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेचा पापुद्रा काढायचा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याशेजारची जागा टाळा. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका, असं अर्धा किलो उरेपर्यंत. पुणे जिल्ह्यात बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांकडे तपासणीची सोय होते.

बियाणं राहुरी विद्यापीठाच्या वडगाव मावळ केंद्राचं किंवा गावातल्या भरवशाच्या घरचं घ्या. इंद्रायणी तिथूनच १९८७ साली आली, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. मूळ आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो, उतारा कमी देतो. म्हणून पहिल्या वर्षी तो पाचच गुंठ्यांवर करा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. तरंगेल ते पोचट काढून टाका, तळाला राहिलेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.

आमच्याकडे रोपासाठी राब भाजायची पद्धत आहे, त्यात झाडाच्या फांद्या आणि शेण जाळलं जातं. मी गादीवाफ्यावर शेणखत घालून रोप करते. तण थोडं जास्त बेणावं लागतं, पण माळावरची झाडं वाचतात. हे करताना राब करणाऱ्या शेजाऱ्याला उपदेश मात्र करू नका. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं झालं की लावा, एका जागी दोन-तीन काड्या. चिखलणीच्या आठवडाभर आधी गिरिपुष्पाचा कोवळा पाला खाचरात पसरून तुडवा. बांधाच्या कडेने गिरिपुष्प लावलंत तर दोन-तीन वर्षांत तो घरचाच मिळतो.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राईस तंत्र तुमच्या कानावर येईल. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, पुढे नांगरट, चिखलणी, लावणी काहीच नाही. वस्तूचा आकार आणि काम यांचा मेळ घातलेला तो साचा डिझाइनरने जरूर पाहावा. त्यात तणनाशक वापरलं जातं, ते आमच्या गटाने नाकारलं आहे, म्हणून आम्ही बेणणीसाठी मनुष्यबळ जास्त धरतो. माणसं कमी पडत असतील तर हा निर्णय तुम्हाला वेगळा घ्यावा लागेल.

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी. त्याचं प्रमाण एकराला असं: दोनशे लिटर पाणी, दहा किलो देशी गाईचं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळून. पण जीवामृताच्या ड्रमवर सगळं सोडू नका. शेणखत, पाला, पेंढा असा भरपूर पदार्थ मातीत गेल्याशिवाय रासायनिक खत सोडणं म्हणजे जमिनीला उपाशी ठेवणं. भात निघाल्यावर ओलाव्यावर पावटा किंवा हरभरा टाका. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतला नत्र पुढच्या भाताला मिळतो.

तांदूळ घरांपर्यंत

ग्राहक मे महिन्यातच ठरवा. पुण्यातली वीस-पंचवीस घरं आमच्याकडे पेरणीआधी वर्षाच्या तांदळाचे निम्मे पैसे देतात, उरलेले तांदूळ मिळाल्यावर. जपानमध्ये १९७० च्या दशकात शेतकरी आणि शहरातल्या कुटुंबांनी असेच गट बांधले होते. या घरांना खर्चाचा पूर्ण तक्ता द्या, नांगरटीपासून गिरणीपर्यंत. पाऊस बिघडला तर तांदूळ कमी येईल हे पैसे घेतानाच सांगा. लावणी बघायला कुणी येणार असेल तर त्याने दिवसभर काम करावं, नाहीतर कापणीनंतर जेवायला यावं. फोटोंसाठी चिखल तुडवायला माणसं आणली की गावच्या बायका अवघडतात.

साळ साळच ठेवा आणि मागणी येईल तशी भरडा. तांदूळ करून ठेवला की पोरकिडे लागतात. नवा तांदूळ चिकट शिजतो, जुना मोकळा, हे पाकिटासोबत लिहून द्या म्हणजे तक्रार येत नाही. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, भरल्याची तारीख, गटाचं नाव-पत्ता, संपर्क आणि एफएसएसएआय क्रमांक लागतो. बाकी जागा रिकामी राहिली तरी चालेल. प्रमाणपत्राशिवाय ‘सेंद्रिय’ छापू नका. आणि इंद्रायणीला आंबेमोहर म्हणून कधीही विकू नका, कितीही मागणी असली तरी.

प्रमाणपत्रासाठी पीजीएस-इंडिया ही पद्धत लहान गटाला झेपते. कमीत कमी पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, सगळे एकमेकांची शेतं तपासतात आणि नोंदी ठेवतात. रूपांतराच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’, पुढे ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. तपासणीचा फॉर्म किचकट वाटला तर त्याची मोठ्या अक्षरातली, चित्रं असलेली प्रत तुम्ही करून द्या. या कामाला गटात तुमच्याइतकं योग्य कुणी नसेल.

मग जमीन

दोन-तीन हंगाम झाले की कुणीतरी स्वतःहून विचारतं, "ताई, आमचं वरचं वावर घेता का?" तेव्हा घाई न करता कागद बघा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक, म्हणजे मालकाला विकायची मोकळीक असलेली जमीन, आहे का? वर्ग दोन असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर तो विषय तिथेच सोडा, ती त्यांच्याकडेच राहिली पाहिजे. इतर हक्कात विहिरीचा हिस्सा, बँकेचा बोजा, बहिणींची नावं बघा. बहिणींच्या संमतीशिवाय घेतलेली जमीन गावात तुम्हाला सुखाने कसू देणार नाही, आणि त्यांचा हक्क डावलणं मुळात चूक आहे. नकाशात रस्ता आहे की नुसती वहिवाट, ते शेजाऱ्याकडून समजून घ्या. तुकडेबंदीमुळे चार-पाच गुंठ्यांचा शेततुकडा नावावर होत नाही, तेही लक्षात असू द्या.

खरेदीआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी मागा. नोटीस सगळ्या लगतच्या खातेदारांना जाते; तरीही तुम्ही स्वतः प्रत्येकाच्या घरी जाऊन तारीख सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत मोजणी उरका, कारण खाचरात पाणी भरल्यावर हद्दीच्या खुणा सापडत नाहीत. खुणांचे दगड शेजाऱ्यांच्या समोर, त्यांच्याच हातांनी रोवून घ्या.